लॉगिन शिकवलं, शोध राहिला

सुरुवात पैशांपासून करू. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. शासकीय संस्थांपुरतं का होईना, दार उघडलं. आत कसं फिरायचं, हे मात्र कोण शिकवतंय?

आमचं म्हणणं असं की, आपली विद्यापीठीय ग्रंथालयं डिजिटल कौशल्य म्हणून जे शिकवतात ते बहुतेक वेळा लॉगिन असतं. नव्या विद्यार्थ्यांना तासभर बसवायचं, ओपॅक दाखवायचं, पासवर्ड द्यायचा, सह्या घ्यायच्या. (नॅकच्या फाइलीसाठी फोटो, तो कधी चुकत नाही.) शोधशब्द कसा निवडायचा, पैसे घेऊन काहीही छापणारं नियतकालिक ओळखायचं कसं, हे राहूनच जातं.

मग पीएचडीचा विद्यार्थी परत येतो तो थेट शेवटी, साम्य-अहवालासाठी. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यामुळे प्रश्न एकच, ‘सर, दहाच्या खाली कसं आणायचं?’ आणि शब्द फिरवून ते आणलंही जातं. वास्तविक अवतरणचिन्हांत, संदर्भ देऊन घेतलेला मजकूर या मोजणीतून वगळायची सोय त्याच नियमांत आहे. उसनं घेतलेलं नीट कबूल करायला शिकवलं असतं तर निम्मी धावपळ वाचली असती.

मराठी प्रबंधांचं तर विचारूच नका. शोधगंगेवर ते घरबसल्या वाचायला मिळतात, ही मोठीच गोष्ट. पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेला एखादा प्रबंध उघडा आणि आत ‘तमाशा’ शोधा. पडद्यावर शब्द दिसतोय, संगणक म्हणतो, नाही. कारण या फॉन्टांत अक्षराचं फक्त रूप मराठी असतं. आत साठवलेली खूण असते रोमन अक्षराची नाहीतर चिन्हाची. कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की नुसता कचरा. स्कॅन करून तसंच ठेवलेल्या पानांत तर अक्षरंही नाहीत, चित्रच. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं तिथे तुलना कशाची करायची? साम्य सापडत नाही, सगळे खूश! आणि त्याच विषयावरचा पुढचा संशोधक पुन्हा पहिल्यापासून पानं चाळत बसतो.

इनस्क्रिप्ट कळफलक आजकाल प्रत्येक संगणकात असतो, त्याला पैसे पडत नाहीत. एम.ए.च्या पहिल्याच सत्रात, विभागाच्या एखाद्या खऱ्या लेखनकामाला जोडून तो ग्रंथालयात शिकवता येईल. सुटं प्रशिक्षण नको, ते आठवड्यात विसरलं जातं. ग्रंथपाल म्हणतील, माणसं कुठे आहेत? बरोबर आहे, रिक्त जागांचं दुखणं खरंच आहे. पण प्रबंधाची फाइल जमा करून घेताना ती उघडून एक मराठी शब्द शोधून बघायला दोन मिनिटं लागतात. सापडला नाही तर फाइल परत द्यायची, आणि दुरुस्त कशी करायची ते त्याच टेबलावर दाखवायचं.