'भागिले' आणि ÷ : एक विभक्तिविचार

भागाकाराची परिभाषा सरसकट 'संस्कृतोद्भव' म्हणून नोंदवून पुढे जाण्याची आपल्या परिभाषाकारांची रीत आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. चार मूलक्रियांपैकी बेरीज व वजाबाकी ही नावे फारसी-अरबीतून आली. गुणाकार व भागाकार संस्कृत वळणाचे राहिले. पण भागाकाराच्या शेवटी उरते ती 'बाकी' पुन्हा अरबीच.

खरा प्रश्न धातूंचा आहे. 'भाज्य', 'भाजक' यांतील भज् म्हणजे वाटून देणे. परंतु भास्कराचार्यांनी लीलावतीत (इ. स. ११५०) भागहाराचा नियम सांगताना भाजकास 'हर' म्हटले आहे. त्याच्या मुळाशी हृ, म्हणजे हरण करणे. नियमही त्यास अनुरूपच आहे : हराला ज्या संख्येने गुणले असता तो भाज्यातून वजा जातो, ती संख्या म्हणजे फल. वाटणी आणि हरण या दोन भिन्न कल्पना 'भागहार' या एकाच समासात नांदतात. छेदणे ही तिसरी; ती आपण अपूर्णांकापुरती ठेवली.

चिन्हाचा इतिहास सर्वस्वी वेगळा. भागाकारासाठी ÷ हे चिन्ह योहान राह्न याच्या १६५९ मध्ये झ्युरिक येथे छापलेल्या बीजगणितात आले व १६६८ च्या इंग्रजी भाषांतरानंतर इंग्लंडात रुजले. लायब्निट्सने १६८४ मध्ये दोन टिंबे पसंत केली. युरोपात काही ठिकाणी तर ÷ वजाबाकीसाठी वापरीत. त्यामुळे टिंबे म्हणजे अंश व छेद, ही शाळेत सांगितली जाणारी उपपत्ती, स्मरणास सोयीची असली तरी, मला ग्राह्य वाटत नाही.

हे चिन्ह मराठीत वाचताना मात्र विभक्तीचा बळी गेला. संस्कृतात भाजक तृतीयेत येतो. प्रत्ययच चिन्हाचे काम करतो. इंग्रजीतही तो अर्थ दाखविणारे शब्दयोगी अव्यय टिकून आहे. आपण 'दहा भागिले दोन' म्हणतो. 'भागिले' हे जुन्या मराठीचे रूप पाढ्यांच्या पिढीबरोबर तगले, ही मौजेची गोष्ट खरी; पण 'दोनाने' मधील 'ने' गळाला आणि कोण कोणास भागतो हे केवळ क्रमावर राहिले. त्यातच पाटीवरील मांडणीत भाजक डावीकडे! निदान प्रारंभीच्या इयत्तांत 'दहाला दोनाने भागून' असे वाचन द्यावे, ही सूचना परिभाषाकारांपुढे ठेवावीशी वाटते.