अराकिसवरचा पाऊस

डेव्हिड लिंचच्या १९८४ सालच्या ‘ड्यून’चा शेवट पावसाने होतो. पॉल अत्रेयडिस जिंकतो, त्याची चिमुरडी बहीण त्याच्या अवतारपणाची ग्वाही देते आणि अराकिस या कोरड्याठाक ग्रहावर धो धो सरी कोसळू लागतात. सिनेमाचा शेवट म्हणून हे टाळ्याखाऊ आहे. कादंबरी वाचलेल्याने मात्र इथे कपाळाला हात लावावा. फ्रँक हर्बर्टच्या १९६५ सालच्या कादंबरीत पाणी हे वाळूतल्या त्या अजस्र किड्यांना विष आहे. किडे आहेत म्हणून ‘स्पाइस’ आहे, आणि स्पाइस आहे म्हणून ताऱ्या-ताऱ्यांमधली जहाजे चालतात, साम्राज्य टिकते. असा पाऊस खरोखर लागून राहिला तर किडे मरतील, स्पाइस संपेल आणि ज्याच्या जोरावर पॉलने बादशहाला नमवले तेच त्याच्या हातातून जाईल. शिवाय या पावसामुळे पॉल खराखुरा देव ठरतो. हर्बर्टने सगळा खटाटोप केला होता तो असल्या देवांपासून वाचकाला सावध करायला.

गंमत अशी की लिंचचा सिनेमा पुस्तकाशी बेइमान नाही. तो फार इमानदार आहे. पात्रांच्या मनातले विचार हर्बर्ट तिरप्या अक्षरांत देतो, तर लिंचने ते कुजबुजत्या आवाजात ऐकवले. चेहरा जवळून दिसतो, ओठ मिटलेले असतात आणि पाठीमागून विचार ऐकू येतो, असे पुन्हा पुन्हा. घराणी, पंथ, भविष्यवाण्या, यंत्रे, जमेल ते सगळे १३७ मिनिटांत दाटीवाटीने बसवले. प्रसंग जागच्या जागी राहिले आणि अर्थ मात्र उलटा झाला.

विज्ञान कादंबरीचे पडद्यावर नेमके काय बिनसते ते इथे कळते. सामाजिक कादंबरीत माणसे आणि प्रसंग नीट उचलले तर बराचसा मजकूर हाती लागतो. विज्ञान कादंबरीत वाचकाचा जीव अडकतो तो एका युक्तिवादात. नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. पुढे काय झाले याइतकेच ते तसे का झाले, हे कळण्यासाठी आपण पाने उलटत असतो. कॅमेऱ्याला ‘का’ दाखवता येत नाही. म्हणून दिग्दर्शक ‘काय’ दाखवतो आणि ‘का’ कुणाच्या तरी तोंडी घालतो. मग शास्त्रज्ञ पात्रे एकमेकांना त्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी समजावून सांगू लागतात. स्टॅन्ली कुब्रिकने ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये (१९६८) यावर जालीम उपाय केला, समजावणेच काढून टाकले. आर्थर क्लार्कने त्याच वर्षीच्या कादंबरीत सगळा उलगडा केलेला आहे आणि सिनेमा गप्प आहे. दोन्ही एकाच वेळी, एकमेकांच्या हातात हात घालून तयार झाली, त्यामुळे याला रूपांतर म्हणावे की नाही हा वादच आहे.

खरी झुंज ‘सोलारिस’वर झाली. पोलिश लेखक स्तानिस्लाव लेमची ही कादंबरी १९६१ची. एक ग्रह, त्यावर पसरलेला बहुधा सजीव असा महासागर आणि त्याचा अभ्यास करून थकलेली माणसे. महासागर त्यांच्या स्मृतीतून माणसे घडवून त्यांच्याकडे पाठवतो. नायक केल्विनकडे त्याची आत्महत्या केलेली बायको येते. पण पुस्तकाचा प्राण ग्रंथालयात आहे. केल्विन तिथे या महासागराविषयीच्या शास्त्राचा इतिहास चाळत बसतो. सिद्धांत, त्यांचे खंडन, विद्वानांची भांडणे, पंथ, वर्गीकरणांचे ठोकळे, असे ढीगच्या ढीग लागलेले आणि हाती काहीच नाही. एका हरलेल्या ज्ञानशाखेचा इतका मिस्कील आणि इतका उदास इतिहास दुसरीकडे वाचल्याचे आठवत नाही.

आंद्रेई तारकोव्हस्कीने १९७२च्या सिनेमात यातले जवळपास सगळे गाळले. कादंबरी थेट अंतराळात सुरू होते, तर सिनेमा बराच वेळ पृथ्वीवरच रेंगाळतो. बापाचे घर, तळे, पाण्याखाली हलणारे गवत. लेमने ते सगळे धुडकावले. दोघांची मॉस्कोत कडाक्याची भांडणे झाली आणि याने ‘सोलारिस’ केलेच नाही, दस्तयेव्हस्कीचे ‘क्राइम अँड पनिशमेंट’ केले, अशा अर्थाची तक्रार लेम पुढे करत राहिला. तक्रार रास्त आहे. ग्रंथालय गेले ते गेलेच, आणि त्याबरोबर लेमचा विनोदही. पण सिनेमाचा शेवट पाहा. केल्विन घरी परततो, बापासमोर गुडघे टेकतो, कॅमेरा वर वर जातो आणि लक्षात येते की हे घर महासागरातल्या एका बेटावर आहे. माणूस इतक्या दूर जाऊनही स्वतःपलीकडचे काही पाहू शकत नाही, या लेमच्याच म्हणण्याचा हा दृश्य पुरावा. लेमने तो मान्य केला नाही. लेखकाला आपल्या पुस्तकातले काय शाबूत राहिले हे नेहमीच कळते असे नाही. स्टीव्हन सोडरबर्गने २००२मध्ये तीच कादंबरी पुन्हा घेतली आणि आटोपशीर, देखणी प्रेमकथा केली. तिथे मात्र महासागर नुसती पार्श्वभूमी उरला.

तारकोव्हस्कीचा ‘स्टॉकर’ (१९७९) तर स्त्रुगात्स्की बंधूंच्या ‘रोडसाइड पिकनिक’मधून निषिद्ध प्रदेश, वाटाड्या आणि इच्छा पुरवणारी जागा एवढेच उचलतो, आणि तेही खुद्द त्या बंधूंकडून पटकथा पुन्हा पुन्हा लिहून घेऊन. ‘ब्लेड रनर’ने (१९८२) फिलिप के. डिकच्या कादंबरीतल्या विजेच्या मेंढ्या, नवा धर्म, मनःस्थिती बदलणारे यंत्र हे सारे बाजूला ठेवले आणि माणूस कुणाला म्हणायचे, एवढा प्रश्न पावसात भिजत ठेवला. स्टुडिओच्या आग्रहाखातर नायकाच्या आवाजात घातलेले निवेदन पुढच्या आवृत्तीत काढावे लागले, कारण ते समजावून सांगत होते. अ‍ॅलेक्स गारलँडने ‘अ‍ॅनायलेशन’साठी कादंबरी पुन्हा उघडलीच नाही, पहिल्या वाचनाच्या आठवणीवर पटकथा लिहिली. ही पद्धत सर्वांनी अंगीकारावी असे मी म्हणणार नाही, पण आठवणीत जे टिकते ते बहुधा कामाचे असते.

बदल किती केले यापेक्षा बदल कुठे केला, हे मोलाचे. टेड च्यांगची ‘स्टोरी ऑफ युअर लाइफ’ ही १९९८ची दीर्घकथा आणि तिच्यावरचा दनी विलनव्हचा ‘अरायव्हल’ (२०१६) शेजारी ठेवून पाहावेत. परग्रहवासीयांची भाषा शिकता शिकता नायिका लुईसला भविष्य आठवू लागते. कथेत तिची मुलगी पंचविसाव्या वर्षी गिर्यारोहणातल्या अपघातात जाते, तर सिनेमात ती कोवळ्या वयात आजाराने जाते. वरवर पाहता हा किरकोळ फेरफार. पण अपघात टाळता येतो. त्या दिवशी मुलीला घरी थांबवले की झाले. ठाऊक असूनही लुईस ते करत नाही, कारण तिच्या लेखी काळ हा आधीच पूर्ण झालेला आकार आहे, आणि कथेतली अस्वस्थता नेमकी तिथे आहे. आजार टाळता येत नाही. त्यामुळे सिनेमातला प्रश्न ‘मूल जन्माला घालायचे का’ इतका सोपा होतो. कथेत प्रकाशाच्या वाटेचे गणित, फर्माचे तत्त्व, या विचाराला आधार देते. तेही गेले आणि त्या जागी चिनी सेनापतीला लावलेला फोन आला. सिनेमा मला आवडतो, परग्रहीयांची ती शाईच्या वर्तुळांची लिपी तर फारच. तरीही इथे कथेचा विचार सौम्य केला गेला, हे म्हणायला हवे.

आज या कलेची स्थिती काय? यंत्रबळाची सबब उरलेली नाही. एके काळी ‘हे पडद्यावर आणणे अशक्य’ म्हणून पुस्तके सुटायची. आलेहांद्रो होदोरोव्हस्कीचा सत्तरच्या दशकातला ‘ड्यून’ जाडजूड चित्रबाडापलीकडे गेला नाही. आता काहीही दाखवता येते, आणि दडपण आहे ते चाहत्यांचे. अमुक पात्र कुठे गेले, तमुक संवाद का नाही, याची यादी घेऊनच ते बसलेले असतात. निर्मात्यालाही हक्क विकत घेताना हाच तयार प्रेक्षक हवा असतो. वेळ कमी पडतो म्हणावे तर मालिका आहेत. पण अ‍ॅसिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’वरच्या मालिकेतला सगळ्यात कसदार भाग म्हणजे एकाच सम्राटाच्या प्रतिकृतींची अखंड चालणारी गादी, आणि ती पुस्तकात नाहीच! अ‍ॅसिमॉव्हचा विषय होता कोट्यवधींच्या जमावाचे गणित. जमावाला चेहरा नसतो, म्हणून मालिकेने एकच चेहरा अनेकदा वापरला. याला मी चतुराई म्हणतो.

विलनव्हचे ‘ड्यून’ (२०२१ आणि २०२४) यासाठी बारकाईने पाहण्याजोगे आहेत. त्याने मनातले आवाज बंद केले. त्याऐवजी हातांच्या खुणा, नजरा, थांबणे. किंमतही मोजली आहे: मेजवानीचा तो विलक्षण प्रसंग, जिथे प्रत्येक जण एक बोलतो आणि दुसरे ताडतो, तो नाही. मानवी संगणकासारखे काम करणारे मेंटॅट जवळपास अदृश्य. ग्रहाच्या पर्यावरणाचा पिढ्यान्‌पिढ्या चाललेला बेत पुसट झाला आहे. पण पहिल्या भागात एक छोटे दृश्य आहे. राजवाड्यासमोर खजुराची वीस झाडे, त्यांना पाणी घालणारा एक वृद्ध आणि समोर पॉल. एक झाड रोज पाच माणसांचे पाणी पिते, म्हणजे वीस झाडे शंभर माणसांचे. कादंबरीत हा हिशेब पॉलची आई जेसिका आणि डॉक्टर युए यांच्या बोलण्यात येतो. इथे पॉल विचारतो, मग ही झाडे काढून टाकायची का, आणि म्हातारा नकार देतो, कारण ती पवित्र आहेत. तहान, सत्ता आणि श्रद्धा यांचे नाते एका मिनिटात उभे राहते. लिंचच्या साऱ्या कुजबुजीला हे साधले नव्हते.

दुसऱ्या भागात तर त्याने पॉलच्या प्रेयसीला, चानीलाच फिरवले. पुस्तकात ती पॉलवर विश्वास ठेवणारी, शेवटी उपपत्नीचे स्थान पत्करणारी. सिनेमात ती या अवतारकथेवर विश्वास ठेवत नाही. वाळवंटी टोळीचा म्होरक्या स्टिल्गार याला पॉलचा नकारसुद्धा अवतारत्वाचा पुरावा वाटतो, प्रेक्षक हसतो, आणि चानीचा चेहरा मात्र कठोर होत जातो. अखेर सगळे गुडघे टेकतात तेव्हा ती पाठ फिरवून वाळवंटाकडे निघते. चाहते चिडले. पण हर्बर्टचीही अडचण हीच होती: वाचकांनी पॉलला नायक मानले, आणि ते खोडून काढायला त्याने १९६९मध्ये ‘ड्यून मसाया’ लिहिली. दुसऱ्या पुस्तकात सांगावे लागले ते विलनव्हने एका पात्राच्या डोळ्यांतून पहिल्याच पुस्तकाच्या रूपांतरात सांगितले.

आता त्याची खरी कसोटी आहे, कारण तिसरा चित्रपट त्याच ‘ड्यून मसाया’वर करायचे त्याने जाहीर केले आहे. ते पुस्तक बारीक आणि बंद खोल्यांत घडणारे. युद्धे संपलेली आहेत, एकसष्ट अब्ज माणसे मेली आहेत आणि आकडा पॉल स्वतःच्या तोंडाने सांगतो. वाळूवरची स्वारी नाही, कटकारस्थाने आणि पश्चात्ताप आहे. आणि चानी सुरुवातीपासून पॉलच्या शेजारी आहे, तिला मूल हवे आहे, तिच्या बाळंतपणावर कथेचा शेवट टांगलेला आहे. विलनव्हची चानी तर किड्यावर स्वार व्हायला निघून गेली. तिला परत आणायचे तर ती का आली हे दाखवावे लागेल, आणि ते उत्तर हर्बर्टच्या कुठल्याही पानावर नाही.