सर्व्हरलेस हँडलर आणि आधारवर्गाची मर्यादा

सर्व्हरलेस एपीआयच्या रचनेत आधारवर्गाचा, म्हणजेच बेस क्लासचा, अवलंब करावा की नाही, याची चर्चा बहुधा श्रमबचतीच्या अंगाने केली जाते. ती बचत खरी आहे. तथापि प्रश्न तेवढ्यावर संपत नाही.

अ‍ॅमेझॉनने २०१४ साली जाहीर केलेल्या लॅम्डा सेवेत प्रत्येक विनंती हँडलर नावाच्या फंक्शनकडे येते. विनंतीतील मजकूर वाचणे, तो तपासणे, चूक झाल्यास योग्य दोषांक देणे व उत्तर ठराविक साच्यात परत करणे ही कामे बहुतेक सर्व हँडलरांना समान असतात. ती आधारवर्गात एकदाच लिहावी आणि उपवर्गाने केवळ आपले विशिष्ट कार्य पुरवावे, हा विचार सुसंगतच आहे. गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडिस यांच्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथात वर्णिलेली टेम्प्लेट मेथड ती हीच.

उणीव अन्यत्र आहे. विनंती पुरी होताच लॅम्डा आपले कार्यवातावरण मोडून टाकतेच असे नाही. पुष्कळदा तेच पुढील विनंतीसाठी वापरले जाते. हँडलरचे ऑब्जेक्ट फंक्शनबाहेर एकदाच निर्माण केले आणि आधारवर्गाने चालू वापरकर्त्याची ओळख त्याच्या फील्डमध्ये साठवली, तर एखाद्या वाटेने ते मूल्य नव्याने भरले न गेल्यास मागील व्यक्तीची ओळख पुढील व्यक्तीच्या विनंतीस चिकटते. एकाची कागदपत्रे दुसऱ्यास दिसू शकतात. एका हँडलरमधील ही चूक तेथेच राहिली असती. आधारवर्गातून ती वारशाने सर्वत्र पोहोचते. चाचणीत दर वेळी नवे ऑब्जेक्ट घडवले जात असल्यास ती तेथे दिसतही नाही.

यावर वारसा सोडून घटकांची जुळणी करावी, असे काही जण सुचवतात. उपरोक्त ग्रंथाचा कलही जुळणीकडेच आहे. परंतु फंक्शनबाहेरील साध्या चलात वापरकर्ता साठवला, तर तोच दोष तेथेही उद्भवतो. तेव्हा खरा भेद वारसा व जुळणी यांतील नसून, विनंतीपुरते काय आणि विनंतीनंतर उरणारे काय, यांतील आहे. डेटाबेसची जोडणी उरावी, त्याने वेळच वाचतो; वापरकर्ता मात्र प्रत्येक मेथडला स्वतंत्र मूल्य म्हणूनच द्यावा.

आधारवर्गाने किती ओळी वाचवल्या हे मोजण्यापूर्वी, विनंती संपल्यावर त्याच्यापाशी काय शिल्लक राहते, हे अभ्यासकाने पाहिले पाहिजे.