नाममुद्रेचे अर्थकारण : गोंधळापासून व्हिडिओ गेमपर्यंत

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाचे स्थान म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील चैत्रातील यात्रेस येणारा भाविक गाणे ऐकण्यास येत नाही. तो दर्शनास येतो, नवस फेडण्यास येतो, आणि जातायेता गाणे त्याच्या कानी पडते. या गाण्यास तिकीट नसते. श्रोत्यास गाणे फुकट मिळावे आणि तरीही गाणाऱ्याचे पोट त्यावर चालावे, ही व्यवस्था आपणांस अपरिचित नाही, हे आरंभीच नमूद करणे अगत्याचे वाटते. कारण इंटरनेटवर ध्वनिमुद्रिते विनामूल्य मिळू लागल्यापासून संगीतव्यवसायात जी चर्चा चालली आहे, तीत एक सूचना वारंवार पुढे येते : गाणे मोकळे सोडावे, व्हिडिओ गेमसारख्या लोकप्रिय माध्यमात त्यास जागा मिळवावी, आणि त्यातून होणाऱ्या प्रसिद्धीच्या बळावर अन्य मार्गांनी द्रव्य मिळवावे. ही सूचना नवी म्हणून मांडली जाते. ती कितपत नवी आहे, आणि या व्यवहारात संगीतकाराच्या हाती नेमके काय उरते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

गोंधळाचे उदाहरण प्रथम घेऊ. लग्नानंतर कुलाचार म्हणून गोंधळ घातला जातो. संबळ व तुणतुण्याच्या साथीने रात्रभर गायन व निरूपण चालते. ऐकावयास सारी आळी जमते; मोबदला मात्र यजमान देतो. म्हणजे मोल गाण्याचे नसून प्रसंगाचे असते. येथे गोंधळ्यास आपले नाव गाण्यात गुंफण्याची निकड नसते. तो समोर उभा असतो, आणि पुष्कळदा पिढ्यान्‌पिढ्या त्या घराच्या परिचयाचा असतो.

गाणे जेव्हा गाणाऱ्यास सोडून एकटे फिरू लागते, तेव्हा मात्र नावाचा प्रश्न उभा राहतो. आपल्या वाङ्मयाने त्यावर फार पूर्वी एक उपाय योजला, तो नाममुद्रेचा. अभंगाच्या अखेरीस संतांचे नाव येते. लावणीच्या अखेरीस राम जोशी ‘कविराय’ म्हणून दर्शन देतात, होनाजी-बाळा आपली जोडनावे ठेवून जातात. या मुद्रेकडे आपण बहुधा कर्तृत्वनिर्णयाचे साधन म्हणून पाहतो, आणि ते साधन फसवे असल्याचे अनुभवाने जाणतो. नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचनांच्या सरमिसळीने किती शाई खर्ची पडली, हे अभ्यासकांस सांगावयास नको. परंतु मुद्रेचे दुसरेही एक कार्य आहे. ज्या रचनेवर कर्त्याचा ताबा उरलेला नाही, जी कोणीही पाठ करावी व कोठेही म्हणावी, तिच्याबरोबर कर्त्याचे नाव आपोआप प्रवास करते. फुकट प्रसाराचे रूपांतर कीर्तीत करणारी ती युक्ती आहे.

यंत्रयुगाने ही युक्ती टाकली नाही. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी इंग्रजीत आपले नाव उच्चारले. तबकड्या जर्मनीत तयार व्हावयाच्या आणि तेथील कारागिरांस कोणती तबकडी कोणाची हे कळावे, असे त्याचे व्यावहारिक कारण सांगितले जाते. कारण काहीही असो, ती घोषणा म्हणजे नाममुद्राच होती, आणि तबकडी वाजे तेथे ती घुमली.

आता व्हिडिओ गेमकडे वळू. 1996 साली ‘क्वेक’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्याचे संगीत ‘नाइन इंच नेल्स’ या वाद्यवृंदाच्या ट्रेंट रेझनर यांचे होते. हे पार्श्वसंगीत होते. त्यात नाव उच्चारण्यास जागा नव्हती. परंतु खेळातील खिळे झाडणाऱ्या बंदुकीच्या दारूगोळ्याच्या पेट्यांवर त्या वृंदाचे बोधचिन्ह रेखाटले होते. खेळणारा ती पेटी पुनःपुन्हा उचलतो. नाममुद्रा चित्रात कशी शिरते याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही. याच रेझनर यांनी 2008 साली ‘घोस्ट्‌स’ ही रचनामाला काढली. तिचा पहिला भाग विनामूल्य दिला, आणि 300 डॉलर किमतीची, 2500 प्रतींपुरती मर्यादित अशी विशेष आवृत्तीही विक्रीस ठेवली. ती आवृत्ती संपूर्ण खपली. गाणे मोकळे सोडून पैसा मिळवता येतो, या पक्षाचे समर्थक या प्रसंगाचा दाखला देतात. मात्र 2008 सालचा रेझनर हा अनामिक कलावंत नव्हता, ही गोष्ट ते सौम्यपणे बोलतात. पुढे याच मालेतील एका तुकड्यावर बेतलेले ‘ओल्ड टाउन रोड’ हे गीत 2019 साली अमेरिकेत 19 आठवडे अग्रस्थानी राहिले. तुकडा मुळात विनापरवाना घेतला गेला होता. परंतु तो कोणाचा हे शोधता आले, म्हणूनच रेझनर व त्यांचे सहकारी यांस रचनाकारांत स्थान मिळाले.

काही खेळांनी ही मुद्रा राजरोस ठेवली. फुटबॉलच्या ‘फीफा’ मालिकेत गाणे सुरू होताच पडद्याच्या कोपऱ्यात गीताचे व गायकाचे नाव उमटत असे. 2005 साली आलेल्या ‘गिटार हीरो’त तर गाणे हाच खेळ होता, त्याच्या 2007 च्या तिसऱ्या भागातील एका अतिद्रुत व दुष्कर गीतामुळे ‘ड्रॅगनफोर्स’ हा वृंद मोठ्या वर्गास ज्ञात झाला. 2008 च्या ‘एरोस्मिथ’ आवृत्तीने त्या वृंदास कोणत्याही ध्वनिमुद्रिकेपेक्षा अधिक उत्पन्न दिले, असे प्रकाशक कंपनीचे तत्कालीन प्रमुख बॉबी कोटिक यांचे विधान आहे. ते विक्रेत्याचे विधान आहे, हे विसरू नये.

यापुढची अवस्था निराळी आहे. ‘फोर्टनाइट’ हा खेळ फुकट खेळता येतो. उत्पन्न पात्रांच्या वेशभूषांतून होते. एप्रिल 2020 मध्ये ट्रॅव्हिस स्कॉट यांच्या तेथील पहिल्या प्रयोगास एकाच वेळी 1 कोटी 23 लक्ष खेळाडू उपस्थित होते. यात्रेचे हे प्रतिरूप म्हणता येईल. पण यजमान येथे खेळाची कंपनी आहे, आणि विकले जाते ते गाणे नव्हे, गायकाचे रूप. आपल्याकडे कमी किमतीच्या फोनवर खेळल्या जाणाऱ्या ‘फ्री फायर’मध्ये 2020 साली केश्मीर या भारतीय वंशाच्या संगीतकाराचे पात्रच अवतरले. फेब्रुवारी 2022 मध्ये भारतात त्या मूळ खेळावर बंदी आली. ज्या मांडवात नाव झाले तो मांडवच सरकारी आदेशाने उतरतो, ही जोखीम गणितात धरावी लागेल.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने 2020 साली ‘राजी’ हा खेळ प्रकाशित केला. दुर्गा व विष्णू यांच्या निवेदनातून उलगडणारी ही कथा त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्‌स’मध्ये पदार्पणाच्या खेळांत नामांकित झाली. तिचे संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे आहे. त्यावरून नाक मुरडण्याचे कारण नाही; संगीत विषयाशी प्रामाणिक असले म्हणजे झाले. मला खुपते ते पार्श्वसंगीताच्या सर्वसाधारण रीतीतील एक वैगुण्य. संगीतकाराचे नाव अखेरच्या श्रेयनामावलीत येते, आणि पुष्कळ खेळाडू खेळ संपवीतच नाहीत. मुद्रा शेवटच्या कडव्यात असणे आणि श्रोता त्या कडव्यापर्यंत न पोहोचणे, असा हा प्रकार आहे.

नाव राहिले म्हणजे सर्व साधले, असाही भ्रम नको. पठ्ठे बापूरावांची मुद्रा महाराष्ट्रभर गाजली, तरी 1945 साली त्यांचा अंत दारिद्र्यात झाला. नावापासून माणसापर्यंत पैसा पोहोचविणारी वाट लागते. 2012 च्या दुरुस्तीने भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात अशी एक वाट आखली गेली : चित्रपटात वा ध्वनिमुद्रिकेत समाविष्ट झालेल्या रचनेच्या स्वामित्वधनातील आपला वाटा गीतकार व संगीतकार यांस सोडून देता येत नाही, प्रयोगकर्त्यास आपली ओळख सांगितली जाण्याचा हक्कही मिळाला. मात्र व्हिडिओ गेमसाठी त्यात स्वतंत्र तरतूद नाही, आणि पारंपरिक गीतास तर रचनाकारच दाखविता येत नाही. तेथे उरतो तो केवळ गाणाऱ्याचा, वाजविणाऱ्याचा हक्क. आणि तो त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणापुरता.

येथे प्रश्न आपल्या दाराशी येतो. विद्यापीठांच्या लोकसाहित्य-संग्रहांत गोंधळी व आराधी गीतांची असंख्य ध्वनिमुद्रणे आहेत. त्यांतील कित्येकांवर गावाचे नाव असते, गीतप्रकार असतो, संकलकाचे नाव तर हमखास असते; गाणाऱ्याच्या जागी ‘एक वृद्ध गोंधळी’ एवढेच लिहिलेले आढळते. उद्या एखाद्या खेळाच्या निर्मात्याने तुळजापूर परिसरातील संबळाचा नाद मागितला, तर त्यास ध्वनिफीत देता येईल. मोबदल्याची रक्कम कोणाच्या नावे लिहावयाची, हे त्या फितीच्या वेष्टनावरून सांगता येणार नाही.