आणेवारीचा आकडा आणि आर्थिक इतिहासाचा संशोधक

संख्यात्मक आर्थिक इतिहासात प्रबंध लिहू इच्छिणारा विद्यार्थी प्रथम बहुधा एकच पृच्छा करतो : ह्या विषयासाठी गणित कितपत आले पाहिजे ? पृच्छा रास्त आहे. सांख्यिकीची उत्तम तयारी असल्यावाचून ह्या वाटेस जाऊ नये हेही खरे. परंतु त्याहून अगोदर विचारावयाचा एक प्रश्न आहे आणि तो आपल्याकडील प्रबंधांत फारच थोड्या ठिकाणी विचारलेला आढळतो. जो आकडा आपण समीकरणात घालणार, तो कोणी, कोणत्या हेतूने व कोणत्या रीतीने तयार केला ? ह्या प्रश्नाची उपेक्षा केल्याने काय घडते, हे एका प्रसिद्ध वादाच्या आधारे पाहावयाचे आहे.

जॉर्ज ब्लिन यांचा हिंदुस्थानातील शेती-उत्पादनाच्या प्रवृत्तींवरील ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८९१ ते १९४७ ह्या काळात ब्रिटिश हिंदुस्थानातील अन्नधान्याचे उत्पादन वर्षास सरासरी अवघे ०.११ टक्का वाढले, लोकसंख्या मात्र ०.६७ टक्का वाढली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे परकीय सत्तेच्या अखेरच्या अर्धशतकात दरडोई धान्य घटत गेले. ह्या एका निष्कर्षावर त्या राजवटीविषयीचे कितीतरी विवेचन उभे आहे. ब्लिन यांचा व्यासंग व चिकाटी निःसंशय मोठी. तथापि त्यांच्या आकड्यांचा पाया सरकारी पीक-अंदाजांचा आहे.

हे अंदाज तीन राशींच्या गुणाकाराने होत : पेरणीचे क्षेत्र, एकरी प्रमाण उत्पन्न आणि त्या वर्षीची आणेवारी. रयतवारी मुलखात क्षेत्राचा आकडा गावच्या दप्तरातून येई व तो बराचसा विश्वसनीय असे. कायमधाऱ्याच्या बंगालमध्ये तशी ग्रामव्यवस्था नसल्याने तो कच्चा राही. प्रमाण उत्पन्न पीककापणीच्या प्रयोगांवरून ठरवीत. पण प्रयोगाचे शेत अधिकारी आपल्या नजरेने निवडी. यादृच्छिक नमुन्याची शास्त्रीय पद्धती महालनोबीस यांनी बंगालमध्ये, तर पानसे व सुखात्मे यांनी इतर प्रांतांत रुजविली, ती पुढे १९४० च्या आसपास व त्यानंतर. उरली आणेवारी. ती म्हणजे उभ्या पिकाकडे पाहून केलेला अजमास. शिवाय साधारण पीक किती आण्यांचे धरावयाचे, ह्याविषयीही प्रांताप्रांतांत एकवाक्यता नव्हती.

ह्या अजमासावर महसुलाची तहकुबी अवलंबून असे, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९१८ चा खेडा सत्याग्रह मुळात आणेवारीचाच तंटा होता. पीक चार आणे वा त्याहून कमी असल्यास शेतकऱ्यांस तहकुबी मागता येत असे. पीक त्याहून अधिक आहे असे सरकार म्हणे, तर कमी आहे असे शेतकरी म्हणत. असा तंट्याचा विषय झालेला आकडा संशोधकाने तापमानाच्या नोंदीसारखा निर्विकार मानणे योग्य नव्हे.

अ‍ॅलन हेस्टन यांनी १९७३ मध्ये नेमकी हीच शंका उपस्थित केली. एकरी उत्पन्नात दिसणारी घट ही शेतातली नसून अंदाजपद्धतीतली असावी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. १९७८ मध्ये अशोक देसाई यांनी मुंबई इलाख्याच्या महसूल-कारभाराची छाननी करून त्यांचा प्रतिवाद केला. आमच्या मते ह्या वादातील तर्काचा धागा असा आहे : आणेवारी नेहमी सारख्याच प्रमाणात कमी लावली जात असेल, तर उत्पादनाची पातळी चुकेल, पण प्रवृत्ती चुकणार नाही. प्रवृत्ती चुकण्यासाठी तो कल कालौघात बदललेला असला पाहिजे. तेव्हा कल बदलला हे हेस्टन यांच्या पक्षाने, आणि तो स्थिर राहिला हे ब्लिन यांच्या पक्षाने सिद्ध करावयास हवे. ह्यांपैकी काहीही केवळ सांख्यिकीने सिद्ध होणार नाही. त्यासाठी कचेरीतील हुकूम, नियम व प्रत्यक्ष वहिवाट ह्यांचाच शोध घ्यावा लागेल.

संख्या आणि साधन ह्यांचा मेळ घातल्यास काय साधते, ह्याचे उदाहरण म्हणून डेव्ह डोनाल्डसन यांच्या हिंदुस्थानातील रेल्वेवरील निबंधाकडे (२०१८) बोट दाखविता येईल. मीठ ठराविक ठिकाणीच पिकते व तेथून दूरवर जाते. म्हणून उगमस्थान व बाजारपेठ ह्यांतील दरांच्या तफावतीवरून वाहतुकीचा खर्च अजमावता येतो, हे त्यांनी ओळखले. त्यांचे गणित प्रगत आहेच. परंतु मिठाच्या व्यापाराची माहिती नसती, तर ते गणित लावावयाचे कोठे, हेच कळले नसते.

आज संगणकावर तयार कोष्टके क्षणार्धात उपलब्ध होतात. त्यामुळे मूळ दप्तराकडे न वळताच प्रबंध पुरा करण्याचा मोह वाढला आहे. साधनांविषयी एक परिच्छेद व समीकरणांविषयी तीन प्रकरणे, अशी रचना त्यातूनच होते. आमची सूचना एवढीच की, संशोधकाने पहिले वर्ष जमाबंदीचे अहवाल व महसुली नियम वाचण्यात घालवावे, पेशवाईपर्यंत मागे जावयाचे असल्यास मोडी शिकावी, आणि आकड्याच्या जन्मकथेस प्रबंधात स्वतंत्र प्रकरण द्यावे. मार्गदर्शकांनीही हे काम कारकुनी समजू नये. दरडोई धान्य खरोखरच घटले काय, हा लक्षावधी माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग बांधावर उभ्या राहिलेल्या तलाठ्याच्या नजरेवर अवलंबून आहे.