निरागस डोळ्याचा प्रश्न

चित्रकला शिकू पाहणाऱ्याने वस्तूंविषयीचे आपले ज्ञान बाजूस सारावे आणि डोळ्यांपुढे केवळ रंगांचे डाग आहेत असे समजून पाहावे, असा उपदेश जॉन रस्किन यांनी १८५७ मध्ये केला. या ‘निरागस’ डोळ्याचे अस्तित्वच ई. एच. गोम्ब्रिख यांनी १९६० च्या ‘आर्ट अँड इल्यूजन’ या ग्रंथात नाकारले. चित्रकार परंपरेने दिलेल्या आकृतिबंधांतून जग पाहतो आणि प्रेक्षक चित्रातील उणीव स्वतःच्या अपेक्षेने भरून काढतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मराठी सौंदर्यविचाराला हा वाद परका नाही. बा. सी. मर्ढेकरांनी चित्राचे सौंदर्य रंगरेषांच्या संवेदनांतील संवाद, विरोध व समतोल या संबंधांत शोधले. चित्रविषय त्यांनी गौण मानला. परंतु मनाचा आणि समाजाचा स्पर्श न झालेली संवेदना असते काय?

नसते, असे सांगणारे दोन प्रयोग वारंवार पुढे केले जातात. १९४७ मध्ये जेरोम ब्रूनर व सेसिल गुडमन यांनी दहा वर्षांच्या मुलांना प्रकाशाचे वर्तुळ लहानमोठे करून नाण्याच्या आकाराशी जुळवावयास सांगितले. मुलांना नाणी तेवढ्याच पुठ्ठ्याच्या चकत्यांहून मोठी भासली. गरीब मुलांना तर सधन मुलांपेक्षाही अधिक मोठी. गरज दृष्टीत उतरते, असा निष्कर्ष निघाला. परंतु १९४९ मध्ये कार्टर व स्कूलर यांना हा भेद नाणे समोर असताना आढळला नाही. आढळला तो स्मरणाने आकार ठरविताना. म्हणजे गरजेने रंगविले ते कदाचित स्मरण, दर्शन नव्हे.

दुसरा पुरावा अधिक बळकट आहे. सेगल, कॅम्बेल व हर्स्कोविट्स यांनी १९६६ मध्ये म्यूलर-लायर भ्रमाची अनेक समाजांत केलेली तुलना प्रसिद्ध केली. टोकांना आत वा बाहेर वळलेले बाण असलेल्या दोन समान रेषा युरोपीय व अमेरिकन लोकांना फार असमान दिसल्या. कालाहारीतील सान लोकांना जवळजवळ समान. काटकोनी घरांतील वास्तव्य हे त्याचे सुचविलेले कारण आजही विवाद्य आहे. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे : रेषा मोजून समान ठरल्या, तरी भ्रम मावळत नाही. सवय डोळ्यापर्यंत पोहोचत असेल. नुसते ज्ञान पोहोचत नाही.

हा भेद समीक्षेला महत्त्वाचा आहे. मर्ढेकरांची शुद्ध संवेदना आरंभबिंदू म्हणून टिकत नाही. कारण समतोल जाणवणारा डोळाही संस्कारांनी घडलेला असतो. परंतु म्हणून सारे दर्शन वर्गाचे वा संस्कृतीचे प्रतिबिंब ठरत नाही. तसे असते तर ‘पुन्हा पाहा’ असे रसिकाला सांगण्यात अर्थच उरला नसता. समीक्षा तेच तर सांगत असते. निरागस डोळा जन्मतः लाभत नाही. पण पाहण्याची सवय दीर्घ अभ्यासाने पालटू शकते, या विश्वासावरच समीक्षेचा व्यवहार उभा आहे.