तीव्र फुप्फुस-इजा : संशोधनातील मापदंडाचा प्रश्न

तीव्र फुप्फुस-इजेचे स्वतंत्र वर्णन १९६७ साली 'द लॅन्सेट'मध्ये अॅशबॉ, बिगेलो, पेटी व लेव्हाइन यांनी केले. त्यांच्या १२ रुग्णांत कोणी अपघातग्रस्त, कोणी विषाणुबाधित, तर एक स्वादुपिंडाच्या दाहाने आजारी होता. कारणे भिन्न असली तरी अवस्था एकच होती. वायुकोश व केशवाहिन्या यांमधील पातळ पडदा झिरपू लागतो, वायुकोशांत द्रव साचतो आणि बाहेरून कितीही प्राणवायू दिला तरी तो रक्तात पुरेसा उतरत नाही. या शेवटच्या लक्षणानेच पुढील संशोधनाची दिशा ठरविली, आणि तेथेच त्याची मर्यादाही निर्माण झाली.

रक्तातील प्राणवायू कमी, म्हणून तो वाढविणे हेच उपचाराचे यश, अशी धारणा दीर्घकाळ होती. कृत्रिम श्वसनयंत्राने मोठे श्वास देण्याची पद्धत त्यातूनच रूढ राहिली. वस्तुतः अशा फुप्फुसाचा थोडाच भाग उघडा राहिलेला असतो. मोठ्या श्वासाचा सारा ताण त्या निरोगी उरलेल्या भागावर पडतो.

अमेरिकेतील ८६१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. एका गटास दर किलोमागे १२ मिलिलिटर, तर दुसऱ्यास ६ मिलिलिटर श्वास देण्यात आला. (हे वजन तराजूवरचे नव्हे, तर उंची व लिंग यांवरून काढलेले. फुप्फुस लठ्ठपणाने वाढत नाही.) मृत्युप्रमाण अनुक्रमे ३९.८ व ३१ टक्के आढळले. मात्र पहिल्या काही दिवसांत प्राणवायूची पातळी अधिक चांगली होती ती मोठे श्वास घेणाऱ्या, म्हणजेच अधिक मृत्यू झालेल्या गटात! प्राणवायूची पातळी हाच निकष मानला असता, तर घातक पद्धतीस विज्ञानाची मान्यता मिळाली असती.

हा धडा पूर्णपणे आत्मसात झाला, असे मात्र म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये ४० रुग्णांच्या चाचणीत शिरेतून दिलेल्या साल्ब्युटामॉलने फुप्फुसातील पाणी कमी झाल्याचे २००६ साली दिसले. मोठी चाचणी सुरू झाली आणि ती मध्येच थांबवावी लागली. २०१२ च्या अहवालानुसार औषध घेणाऱ्यांत मृत्युप्रमाण ३४ टक्के, तर इतरांत २३ टक्के होते. पाणी उतरले म्हणजे रुग्ण सावरला, हे गृहीतकच सदोष होते. प्रतिबंधाच्या बाबतीत अॅस्पिरिनकडून अपेक्षा होती, परंतु २०१६ च्या चाचणीत तीही फोल ठरली.

अपयशाचे कारण रुग्णांच्या विविधतेत शोधणारा विचार अलीकडे प्रबळ झाला आहे. सिम्वास्टॅटिनच्या निष्फळ चाचणीचे २०१८ साली पुनर्विश्लेषण झाले, तेव्हा तीव्र दाह असलेल्या उपगटास लाभ झाल्याचे आढळले. विचार आकर्षक आहे. तथापि रोझुव्हास्टॅटिनच्या चाचणीत तसेच उपगट पाडूनही असा लाभ दिसला नाही. निकालानंतर पाडलेल्या गटांना आधीच आखलेल्या चाचणीचे वजन देता येणार नाही. याउलट कारण एकच असलेल्या कोविडमध्ये २०२० साली डेक्सामेथासोनने श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्युप्रमाण ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आणले. तेथे निकष मृत्यूचाच होता.

कोविडपूर्वीची ठळक यशे पाहता ती नव्या औषधांची नाहीत. लहान श्वास आणि रुग्णास दीर्घकाळ पालथे झोपविणे, ही ती यशे होत. पालथे झोपविण्याने २८ दिवसांतील मृत्युप्रमाण ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आल्याचे मुख्यतः फ्रान्समध्ये झालेल्या चाचणीने २०१३ साली दाखविले. इजा भरून आणण्यापेक्षा उपचारानेच होणारी इजा टाळणे अधिक फलदायी ठरले. तरीही २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ५० देशांतील पाहणीत दर १० पैकी सुमारे ४ रुग्णांचा विकार डॉक्टरांनी ओळखलेलाच नव्हता, आणि ८ मिलिलिटर वा त्याहून लहान श्वास दोनतृतीयांशांहून कमी रुग्णांना मिळत होते.